पर्यंत एकच, मग बाय की टिल?

प्रश्न : ताई, मी फोर्टात एका ऑफिसात आहे. मागच्या आठवड्यात क्लायंटला मेल टाकला, 'आय विल बी इन ऑफिस बाय फाइव्ह'. मला म्हणायचं होतं पाचपर्यंत आहे, या. तो बिचारा सव्वापाचला आला आणि मी तोवर सीएसएमटीला लोकलमध्ये बसलेली. बॉस म्हणतो चूक तुझीच. खरंच का हो?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : चूक तुझीच गं, पण अर्धी आपल्या 'पर्यंत'ची. 'पाचपर्यंत पोचते' आणि 'पाचपर्यंत बसते', दोन्हीकडे शब्द तोच, फरक आपण क्रियापदावरून ओळखतो. इंग्रजीत तिथे शब्दच बदलतो, म्हणजे एखादी गोष्ट चालू राहून पाचला थांबणार असेल तर टिल, आणि पाच वाजेपर्यंत कधीतरी उरकणार असेल तर बाय. क्लायंटने वाचलं की ही पाचपर्यंत ऑफिसात पोचतेय, म्हणून तो त्यानंतर आला, त्याचं काय चुकलं?

'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघ. 'सोमवारच्या आत फॉर्म भरा' चालतं ना, मग बाय (फक्त बाय मंडेमध्ये सोमवारही धरतात). 'सोमवारच्या आत सुट्टी आहे' कसंतरीच वाटतं, मग टिल. आमच्या सोसायटीच्या बोर्डावर एकदा 'वॉटर विल बी क्लोज्ड बाय फोर' लागलं होतं, सगळ्यांनी दुपारी घाईघाईने बादल्या भरायला नळ सोडले तर पाणी सकाळीच गेलेलं, येणार होतं चारला!

आता खरी गंमत. टिलच्या पुढे अख्खं वाक्य येऊ शकतं, बायच्या पुढे नाही, तिथे 'बाय द टाइम' लागतं. आणि इथेच आपली मराठी मधे येते. 'तो येत नाही तोपर्यंत थांब' हे मराठीत एकदम बरोबर, पण त्याचं आपण 'वेट टिल ही डझन्ट कम' करतो, आणि ते चूक. टिलमध्ये तो 'नाही' आधीच मुरलेला असतो, 'वेट टिल ही कम्स' एवढंच, 'विल कम' पण नाही.

'टिल दादर' आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणते, पण प्रमाण इंग्रजीत टिल वेळेसाठी, जागेसाठी 'ॲज फार ॲज दादर'. ट्रेनमध्ये कोणी अडवणार नाही, पेपरात मात्र मार्क जातील.

आणि हो, टिल हा अनटिलचा शॉर्टफॉर्म नाही, उलट टिलच जुना आणि अनटिल मागाहून आला. अर्थ एकच, फक्त टिलला दोन एल, अनटिलला एक.

क्लायंटला आता सॉरीचा मेल टाकशील त्यात 'टिल सिक्स' लिही, आणि मग सहापर्यंत जागेवरून हलू नकोस.