दाढीच्या सामानाची नवी खरेदी कशी आवरावी? ‘एक आला की एक काढायचा’ हा नियम पाळू का?

तुमच्याकडे नऊ रेझर, चारशेच्या आसपास ब्लेडं आणि चौदा साबण आहेत, घरात बोलणी बसतायत, आणि ‘एक आला की एक काढायचा’ हा नियम पाळला तर खरेदी आटोक्यात येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. मी हा नियम चौदा महिने पाळला, अगदी काटेकोर पाळला, आणि त्या चौदा महिन्यांत जेवढे रेझर घेतले तेवढे आधीच्या तीन वर्षांत घेतले नव्हते. ज्या मित्राने हा नियम माझ्या गळ्यात मारला तो अजूनही म्हणतो की नियम बरोबर होता, चुकलं माझं. तो हे वाचणार याची खात्री आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बँकेत होतो, शेवटची नऊ वर्षं ऑडिटला. २०१७ साली या नादाला लागलो तो सगळेच लागतात त्याच कारणाने, म्हणजे पैसे वाचवायला. कार्ट्रिजची, म्हणजे रेझरच्या बदलायच्या डोक्याची, किंमत बघून पोटात गोळा आला, आणि कुणीतरी सांगितलं की आपलं देशी डबल एज, म्हणजे दोन्ही बाजूंना धार असलेलं, ब्लेड पाच रुपयांच्या आत मिळतं. हिशोब बिनतोड होता. किंग जिलेटला १९०४ साली पेटंट मिळालं त्या सेफ्टी रेझरचा सगळा धंदाच असा, की दांडा एकदा घ्या आणि पाती घेत राहा. आपण मंडळींनी ते उलटं करून दाखवलं. पाती संपता संपत नाहीत आणि दांडे घेत राहतो.

माझं दुखणं होतं गळ्याला. डाव्या जबड्याखाली, घाटीच्या बाजूला, दाढी झाली की लाल पुरळ यायचं. दुपारपर्यंत कॉलर चुरचुरायची. पहिला रेझर जर्मनीतल्या झोलिंगनचा मर्कुर ३४सी. चांगला आहे, आजही आहे. पण पुरळ गेलं नाही, तेव्हा ‘हा फार सौम्य आहे, दोनतीनदा फिरवावा लागतो म्हणून कातडी चिडते’ असं निदान झालं. मग म्यूलेचा आर४१ घेतला, फार आक्रमक म्हणून ओळखला जाणारा रेझर. ज्यांनी वापरलाय त्यांना काही सांगायला नको, ज्यांनी वापरला नाही त्यांनी वापरू नये. मग निदान बदललं की ब्लेड बोथट आहे. जपानच्या सेकी गावची फेदर ब्लेडं आली. मग फेदर फार धारदार आहे म्हणून ॲस्ट्रा. मग साबण कोरडा पडतो, म्हणून प्रोरासोचा पांढरा, नाजूक कातडीवाला. मग चरबीचा साबण जास्त मऊ फेस देतो असं कळलं म्हणून तीन टॅलोचे, म्हणजे गुरांच्या चरबीचे. टॅलो म्हणजे काय हे मी आईला कधी सांगितलं नाही, आणि तो डबा देवघराच्या बाजूच्या फडताळात कधी ठेवला नाही. एवढं पथ्य पाळलं.

सांगायचं काय, तर माझी प्रत्येक खरेदी हे त्या दोन इंच गळ्याचं औषध होतं. हौस वगैरे नंतर चिकटली.

आता नियमाची गोष्ट. २०२१ च्या शेवटी माझ्याकडे बारा रेझर झाले. सातारचा हा माझा मित्र म्हणाला, “अरे, बारावर टाच मार. नवीन आला की जुना विक. खर्चही निघतो आणि कपाटही भरत नाही.” ऐकायला झकास. मी वहीच घातली. चौदा महिन्यांनी वही तपासली तर सुरुवातीची शिल्लक बारा, अखेरची शिल्लक बारा. मित्र म्हणाला, बघ, जमलं की नाही! अरे बाबा, मी आयुष्यभर हेच पकडत आलो. सुरुवातीची आणि अखेरची शिल्लक जुळली म्हणून कुणी खातं पास करत नाही, मधली उलाढाल बघतात. मधे एकोणीस आले होते आणि एकोणीस गेले होते. प्रत्येक विक्रीत थोडा तोटा, वर टपालखर्च. बेरीज ३१,४०० रुपये. नियम नसता तर तेराव्या रेझरला मी बिचकलो असतो, कारण कपाट उघडल्यावर तो दिसला असता. नियमाने मला बिचकायचं कारणच ठेवलं नाही. विकायला काढला की मन आपोआप पुढची ऑर्डर द्यायला मोकळं.

आणि त्या एकोणीसमध्ये माझा के२ गेला.

ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी: जिलेटचा स्लिम ॲडजस्टेबल १९६१ पासून १९६८ पर्यंत निघाला. मानेशी एक ते नऊ आकड्यांची चकती असते, ती फिरवली की ब्लेडची फट कमीजास्त होते. डोक्याखाली एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो, अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. एच म्हणजे १९६२, आय म्हणजे १९६३, असं पुढे. के म्हणजे १९६५, आणि के२ म्हणजे एप्रिल ते जून. माझा जन्म मे १९६५ चा. आपल्या जन्माच्या तिमाहीतला रेझर शोधणं हा या छंदातला सगळ्यात पोरकट प्रकार आहे आणि मी तो सात महिने केला. मिळाला तेव्हा निकेल जागोजागी उडालेलं होतं, चकती सहावर अडकलेली. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन एक अख्खा रविवार बसलो. संध्याकाळी ती चकती कट्कन सातवर गेली तो आवाज मला अजून आठवतो.

नियमाच्या नादात तो मी ६,५०० ला विकला, आणि विकला कुणाला, तर याच मित्राला. म्हटलं घरातच राहील. चार महिन्यांनी चुटपुट लागली म्हणून परत मागितला. तर हा म्हणतो, “अरे, मला एक नवीन आला ना, म्हणून तो काढला. बंगळूरला गेला.” वर म्हणे, “नियम म्हणजे नियम.”

त्यानंतर ९,००० देऊन दुसरा घेतला. तो के३ आहे. माझ्यापेक्षा एक तिमाही लहान.

यावर आमचं जे वाजलं ते वाजलं. त्याचं म्हणणं, तू भावनिक वस्तू नियमात धरायलाच नको होती. माझं म्हणणं, यात भावनिक नसलेली वस्तू कोणती? दाढी करायला एक रेझर पुरतो. दुसऱ्यापासून पुढचे सगळे भावनिकच.

खरेदी थांबली ती कराडला. २०२३ च्या दिवाळीनंतर जमिनीच्या कामाला गावी गेलो आणि सामानाची पिशवी इथेच विसरली. सकाळी तलाठी कार्यालयात जायचं, दाढी वाढलेली. पेठेतल्या न्हाव्याच्या जुन्या दुकानात जाऊन बसलो. मालक म्हातारे, वडिलांना चांगले ओळखणारे. वडील शाळामास्तर होते, शेवटची दोन वर्षं घरी येऊन हेच दाढी करून जायचे. त्यांनी पाच रुपयांच्या आतलंच ब्लेड कागदासकट मधोमध मोडलं, अर्धं वस्तऱ्यात सरकवलं, अर्धं डबीत ठेवलं. साबण लावायच्या आधी कोरड्या बोटाने माझा गळा चाचपला, डावीकडून उजवीकडे, मग उलटा. आणि म्हणाले, “मास्तरांचं वळणबी असंच हुतं. हितं केस खाली येत न्हाईत, कानाकडं जात्यात. हितं आडवंच चालवाया लागतं.”

घशाकडून कानाकडे, आडवा हात. दोन मिनिटांचं काम. घेतले साठ रुपये. दुपारी कॉलर चुरचुरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सहा वर्षं मी तो हात आधी सरळ खाली आणि मग सरळ वर मारत होतो, म्हणजे दोन्ही वेळा केसांना आडवा. आणि असं नाही की मला माहीत नव्हतं. केसांची दिशा बघा, चेहऱ्याचा नकाशा काढा, हे या छंदात पहिल्या दिवशी सांगतात. मी नकाशा काढलाही होता. उजव्या गालाचा काढला आणि डावीकडे तोच छापला. ऑडिटरने.

तर तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे जे काही उत्तर आहे ते एवढंच, की तुम्ही नेमकं काय दुरुस्त करायला खरेदी करताय ते आधी बघा. तुम्ही लिहिलंय की ‘अजून परफेक्ट शेव्ह सापडलेली नाही’. ती दुकानात नाहीये. एक रेझर, एक ब्लेड, एक साबण, एक ब्रश घ्या आणि शंभर दाढ्या करा. रेझरची निवड डोळे मिटून केली तरी चालेल. बाकीचं सामान खोक्यात घालून माळ्यावर टाका. विकू नका! विकलंत की हातात पैसे येतात, आणि त्या पैशांना ‘छंदाचे पैसे’ असं नाव पडतं. मी शंभर केल्या. तिसऱ्या आठवड्यात प्रचंड कंटाळा येतो. चाळिसाव्या दाढीच्या सुमारास हाताला कळायला लागतं की पाणी कमी होतं, साबण नव्हे.

दुसरं, तुमच्या ऑर्डरींच्या वेळा काढून बघा. मी काढल्या. ४३ ऑर्डरींपैकी ३६ रात्री साडेदहानंतरच्या. त्या वेळी जगात कुणी दाढी करत नाही. तेव्हा आता मी स्वतःला फक्त सकाळी, तोंडाला फेस लावलेला असताना ऑर्डर द्यायची परवानगी दिली आहे. हात ओले असतात, फोन बोट ओळखत नाही, आणि फेस वाळायला लागतो. वर्षभरात एकदाच जमलं, आणि ती तुरटी होती.

माझ्या मित्राची बाजूही सांगायला हवी, नाहीतर फोन येईल. तुमची अडचण फक्त जागेची असेल, पैशाची नसेल, तर त्याचा नियम चालतो. आणि त्याला देवाणघेवाणीतच मजा येते, दाढी त्याच्यासाठी निमित्त आहे. तो संग्राहक आहे, मी रोगी होतो, औषध एकच कसं चालेल? हे मी त्याला कधी म्हटलं नाही, इथे म्हणतो. पण क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर घेत असाल किंवा पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवत असाल, तर माझं आणि त्याचं दोघांचंही ऐकू नका, कार्ड बायकोकडे द्या. आणि गळ्याचं पुरळ आठवडाभर तसंच राहिलं, पू धरला, तर न्हाव्याकडे नव्हे, डॉक्टरकडे. माझं साधं होतं म्हणून साठ रुपयांत भागलं.

चारशे ब्लेडांचं काय करू, हेही विचारलंत. काही करू नका. एका ब्लेडच्या पाच दाढ्या, आठवड्याला सहा, म्हणजे सव्वासहा वर्षांच्या वर पुरतील. स्टेनलेसची ब्लेडं मेणकागदात गुंडाळलेली, कोरड्या डब्यात वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे ‘बंद पडायच्या आत साठवून ठेवू’ ही भीती काढून टाका. साबणाचं मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं होतं: २६ दाढ्यांना २४ ग्रॅम. शंभर ग्रॅमच्या वड्या धरल्या तर तुमचे चौदा साबण पाच वर्षांच्या आसपास जातील. माझ्या ब्लेडांचा हिशोब केला तेव्हा मी ९७ वर्षांचा होईपर्यंत पुरतील असं निघालं. ही म्हणाली, बरं झालं, आता जगायला कारण आहे.

एक राहिलंच. माळ्यावर किंवा कपाटात ठेवणार असाल तर तिथे साड्या नाहीत ना बघा, आणि असतील तर डांबराच्या गोळ्या आधी काढा. साबण वास ओढून घेतो. एका पावसाळ्यात माझे अकरा साबण त्या वासाचे झाले. जर्मन टबॅक, लंडनचं चंदन, सगळे एकाच वासाचे. ते मी अजून संपवतोय, सध्या सातवा चालू आहे.