इटलीत शेतावर राहून स्वयंपाक शिकायचाय, पण आम्ही अंडंसुद्धा खात नाही. कुठे जावं?

पुलियात जा, म्हणजे इटलीच्या बुटाच्या टाचेकडे. उत्तरेकडच्या बोलोन्या शहराच्या बाजूला नको. फरक पिठातच आहे. बोलोन्याकडे ताजा पास्ता साधारण 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं या हिशेबाने मळतात, त्यामुळे तिथल्या वर्गात तुम्ही नुसते बघत बसाल. पुलियातला ओरेक्येत्ते हा पास्ता मात्र डुरम गव्हाचा बारीक रवा आणि पाणी, एवढ्यातच होतो. पिठाची वळी करून तुकडे कापायचे, एकेक तुकडा सुरीने पाटावर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटवायचा. जमायला वेळ लागतो, पण मजा त्यातच आहे. शिवाय सुक्या बाकल्याचं (फावा बीन्सचं) पिठल्यासारखं घट्ट कालवण आणि चिकोरीची पालेभाजी शिकून घ्याच.

मुक्कामासाठी 'अ‍ॅग्रितुरिस्मो' म्हणून नोंदलेली जागा बघा. 2006 च्या कायद्याप्रमाणे तिथे शेती हाच मुख्य व्यवसाय असावा लागतो; नुसत्या शेताच्या देखाव्याचं हॉटेल चालत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर ऑलिव्हची तोडणीही बघायला मिळते.

एक अडचण आहे. तिकडे 'शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही. ओरेक्येत्तेच्या पालेभाजीत बहुतेकदा अँचोव्ही मासा विरघळवलेला असतो, आणि पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेट या दूध गोठवणाऱ्या पदार्थानेच विरजतात. तेव्हा अंडं, मासे आणि असं चीज नको, हे बुकिंग करतानाच लिहून कळवा. चीजऐवजी तेलात परतलेला पावाचा चुरा मागा. दक्षिणेत ती जुनीच पद्धत आहे.