राजमा काढा, काथ्या भरा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही इंग्लंडात लीड्सला राहतो. मुलाच्या हट्टापायी जुलैत फेरेटची (मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी) दोन पिल्लं आणली, चिंगी आणि भुर्जी. आता ५ महिन्यांची आहेत. कुंड्यांतली माती तीनदा उपसून झाली, सोफ्याचं खालचं कापड फाडून झालं. म्हणून मोठ्या प्लास्टिकच्या खोक्यात उकरायची सोय केली. घरात ५ किलो राजमा पडून होता, तो त्यात ओतला. दोघी बेहद्द खूश आहेत! पण सासूबाई म्हणतात, अन्न असं जनावराच्या पायाखाली घालू नये. नवरा म्हणतो, राजमा नको तर तांदूळ घाल. नक्की काय भरावं? आणि ता. क. : डिसेंबरात ३ आठवडे भावाकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला जायचं आहे. यांना बरोबर नेता येईल का?

उत्तर : पुढचं नंतर वाचा, आधी उठून तो राजमा काढा.

झालं? आता सांगते. सासूबाईंचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त माझं कारण वेगळं. कच्च्या राजम्यात लेक्टिन जातीचं विष असतं आणि ते नीट उकळल्याशिवाय जात नाही. शिवाय दाणा ओला झाला की फुगतो. फेरेटचं आतडं आखूड आणि अरुंद. खाल्लेलं ३-४ तासांत बाहेर पडावं, अशी त्याची रचना. त्यात फुगलेला राजमा अडकला तर काय होईल, हे मी इथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नर्स म्हणून काम करताना पाहिलेलं आहे. नेमका राजमा नव्हता, पण बाकी बरंच काही पाहिलंय : कानातल्या इयरफोनचं रबर, रिमोटची बटणं, चपलेचा तुकडा.

आणि एकदा माझ्याच घरचा प्रसंग. आमचा फेरेट बंड्या, त्याच्या खोक्यात मी हौसेनं स्पंजचे छोटे चेंडू टाकले होते. छान मऊ, रंगीत. चार दिवसांनी बंड्या खाईना, एका जागी बसून दात करकरा वाजवायला लागला. पोट उघडावं लागलं. आत पिवळा स्पंज. दिवसभर लोकांना ‘रबर-स्पंजपासून सांभाळा’ असं सांगणारी मी! तो वाचला, पुढे ६ वर्षं जगला, पण मी तेव्हापासून एकच नियम धरलाय : खोक्यात जे घालाल ते पोटात जाणारच असं समजून घाला. ‘आमची नाही हो खात’ हे मला सांगू नका. पहिल्या वर्षातली पिल्लं सगळं चावून बघतात.

उकरू नका म्हणून त्यांना दटावण्यात मात्र अर्थ नाही. फेरेट म्हणजे युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्याचं माणसाळलेलं रूप. सशांच्या बिळात सोडायला म्हणून माणसानं त्याला दोन हजारांहून जास्त वर्षं पाळलंय. आमच्या शेजारचे यॉर्कशायरचे आजोबा अजून त्यासाठीच पाळतात. नराला ‘हॉब’, मादीला ‘जिल’ म्हणायला मी त्यांच्याकडूनच शिकले. (माझा सांगलीचा मामा फोनवर अजूनही ‘तुझी मुंगसं कशी आहेत’ असंच विचारतो. मुंगूस वेगळ्या कुळातलं. आपल्याकडचा यांचा भाऊबंद म्हणजे कोकण-गोव्याच्या खाड्यांतलं पाणमांजर.)

तर, तांदूळ. इथले बरेच फेरेटवाले कोरडा, लांब दाण्याचा तांदूळ वापरतात आणि मीही २ वर्षं वापरला. झटपट शिजणारा ‘इन्स्टंट’ तांदूळ मात्र कधीच नाही, तो ओलाव्यानं लगेच फुगतो. साध्या तांदळाची अडचण अशी की फेरेटला कोपरा दिसला की तो उलटा सरकत जाऊन तिथेच शी-शू करतो. मग तो तांदूळ आंबतो, खोलीभर वास सुटतो. दाणे फ्रिजखाली, बुटात, अंथरुणात सापडतात ते निराळंच. माझी आई सांगलीहून आली होती, तिनं ते खोकं पाहिलं. बोलली काहीच नाही. दुपारी बघते तर गालिच्यावरचे दाणे एकेक वेचून वाटीत भरत बसलेली. त्या दिवशी माझ्या घरातला तांदूळ बंद झाला. तेव्हा नवऱ्याला सांगा, चालेल, पण त्याहून बरा माल दुकानात आहे.

तो म्हणजे काथ्या. नारळाच्या सोडणाचा भुसा दाबून केलेली वीट इथे बागकामाच्या दुकानात मिळते. साधारण ६५० ग्रॅमची वीट कोमट पाण्यात टाकली की फुगून ८-९ लिटर होते. पाकिटावर खत घातल्याचा उल्लेख असेल तर ती नको. वीट पूर्ण फुगू द्या, मग मुठीत घट्ट पिळून बघा : थेंब पडता कामा नये, पण हाताला गार ओलसर लागलं पाहिजे. आधीच फुगलेला असल्यामुळे थोडा पोटात गेला तरी आत जाऊन फुगण्याचा प्रश्न नाही. लांब दोरे दिसतील ते मात्र काढून टाका. पूर्ण सुकू देऊ नका, फेरेट नाक खुपसून नांगरासारखं पुढे जातं आणि कोरडी धूळ सरळ छातीत. ओला ठेवला की बुरशी येते हेही आहेच. मी दर ३-४ आठवड्यांनी बदलते, जुना गुलाबांना घालते. त्यात भुर्जीच्या आवडीच्या मांसाचा एखादा तुकडा पुरून ठेवा आणि गंमत बघा. कोंबडीसारखं ‘डुक डुक’ करत शोधतील.

मातीच हवी असेल तर बिनखताची साधी माती. पिशवीतल्या तयार कंपोस्टात खताचे दाणे आणि पर्लाइटचे पांढरे खडे असतात. कोकोच्या टरफलांचं आच्छादन मिळतं, वास चॉकलेटचा. त्यात चॉकलेटमधलंच विष असतं, ते घरातही आणू नका. बागेतली माती घेणार असाल तर आधी शेडमध्ये डोकावा. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्यांवर ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंदी आहे, पण आधीच्या घरमालकानं ठेवलेले डबे कोपऱ्यात निघतात.

मुलांच्या खेळण्याची वाळू धुऊन, ओलसर करून चालते, बांधकामाची नको. पार्सलमधला साधा तपकिरी कागद फाडून घातला तरी माझी ठकी तासभर रमते. पार्सलमधले ते कुरमुऱ्यासारखे तुकडे येतात ना, त्यातला एक पाण्याच्या पेल्यात टाका. विरघळला तर तो स्टार्चचा, घाला. तरंगत राहिला तर थर्मोकोल, थेट कचऱ्यात. मुलांच्या बॉल-पिटमधले मोठे पोकळ चेंडूही छान, मात्र चिरलेला चेंडू लगेच काढायचा.

मांजराची गोळा होणारी वाळू अजिबात नको. ओली झाली की सिमेंट होते, नाकातसुद्धा. देवदार आणि पाइनचा भुसाही नको, त्याच्या उग्र तेलांनी श्वासाला त्रास होतो. बीनबॅगमधल्या गोळ्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

खोकं ६०-७० लिटरचं, झाकणाचं घ्या. झाकणाला १५ सेंटिमीटरचं भोक पाडा, कडा जाड टेपनं झाका. अर्ध्याहून कमी भरा, म्हणजे निम्मा माल तरी गालिच्यावर यायचा वाचेल. २०-२५ मिनिटं खेळू द्या, तुम्ही तिथेच बसा, मग खोकं उचलून ठेवा. तसंही दिवसाचे १४-१५ तास त्या झोपलेल्याच असतात.

राजमा किती दिवस होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोघींकडे नीट लक्ष द्या. खाणं बंद, तोंडावर पंजे मारणं, लाळ, दात वाजवणं, डांबरासारखी काळी किंवा दोऱ्यासारखी बारीक शी, नुसतं पडून राहणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्र्यासारखी उलटी होईल म्हणून वाट बघू नका, फेरेट पोट तुंबलं तरी उलटी करेलच असं नाही. आणि उपाशी फेरेटची साखर झपाट्यानं उतरते, तेव्हा ‘उद्या सकाळी बघू’ नको.

आता ता. क. कॅलिफोर्नियात फेरेट पाळायला कायद्यानं मनाई आहे, पाहुणे म्हणूनही नाहीत. हवाईतही तेच. भावाला सांगा, फोटोवर भागव. लीड्सच्या आसपास फेरेट सांभाळणारं कुणी आहे का, ते ऑक्टोबरातच विचारून ठेवा. नाताळात जागा मिळत नाही. त्यांच्याकडे खोकं भरूनच पोचवा, नाहीतर तेही घरात पडलेलं काहीतरी ओततील.