'मायनस वन': भुताटकी की चकवा?

वेंगुर्ल्याच्या एका वाचकांची विचारणा अशी: सुपर मारिओ या व्हिडिओ गेममधल्या 'मायनस वन' नावाच्या छुप्या दुनियेला आम्ही पोरं भुताटकी म्हणायचो. हल्ली अशा गोष्टींना 'शहरी दंतकथा' म्हणतात. बरोबर शब्द कोणता?

'शहरी दंतकथा' आधी बाजूला ठेवू. चाकरमान्यांनी मे महिन्यात मुंबईहून आणलेली कॅसेट माजघरात बसून खेळायची आणि तिच्याबद्दल पोरांनी जे काय पिकवायचं, त्यात शहरी काय आहे? झेंड्याच्या खांबावरून पलीकडे उडी मारली की गुप्त दुनिया लागते, ही आपल्याकडची साधी गजाल. प्रमाण मराठीत 'आवई' म्हणा.

'मायनस वन'चं तसं नाही, कारण ते खरोखर आहे. म्हणून तिथे आवईही नको आणि भुताटकीही नको. भुताटकी म्हटली की ती करणारं कुणीतरी लागतं; मग देवचार असो नाहीतर गिऱ्हा. इथे कुणीच नाही. १९८५ च्या या गेममध्ये १-२ च्या (म्हणजे पहिल्या दुनियेतल्या दुसऱ्या पातळीच्या) शेवटी पाइपाशेजारच्या भिंतीतून मारिओला एका नेमक्या उडीने आरपार सरकवता येतं. पलीकडे पुढच्या दुनियांचे पाइप असतात, पण कुठला पाइप कुठे नेतो हे गेमने अजून भरून घेतलेलं नसतं. तेवढ्यात डावीकडच्या पाइपात शिरलं की गेम थेट ३६व्या दुनियेत पाठवतो. खऱ्या दुनिया आठच! दुनियेचा आकडा दाखवायला गेम ज्या चित्रांच्या यादीतून त्या क्रमांकाचं चित्र उचलतो, तिच्यात शून्यापासून नऊपर्यंतचे अंक, मग ए ते झेड, अशा ३५ पर्यंतच्या जागा भरतात आणि ३६ वर येतो कोरा चौकोन. त्यामुळे '३६-१' मधले ३६ दिसतच नाहीत, उरतं '-१'. म्हणजे मायनस मुळात नाहीच, ती दोन आकड्यांमधली रेघ. (आकडाही नेमका छत्तीसचा निघावा!)

आत पाण्याखालची पातळी. पोहत पोहत शेवटच्या पाइपात शिरावं, तर तीच पातळी पुन्हा पहिल्यापासून. वेळ संपून मारिओ मरेपर्यंत सुटका नाही. सड्यावर रात्री वाट चुकलेला माणूस, चारी बाजूंनी सारखाच जांभा, चालून चालून निघाला तिथेच परत येतो, त्याला आपण जे म्हणतो तेच हे: चकवा.

वापरताना एक सांभाळा. चकवा लागतो तो वाटसरूला. तेव्हा 'मारिओला चकवा लागला' बरोबर, 'गेमला चकवा लागला' चूक. जागेबद्दल 'तिथे चकवा आहे' चालेल. जपानमधल्या डिस्कच्या आवृत्तीत मात्र ही दुनिया तीन पातळ्यांनंतर संपते. तिला चकवा म्हणणं ओढूनताणून होईल.

त्याच गेमची दुसरी गोष्ट मला याहून भयानक वाटते. सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत छापलंय की कूपा नावाच्या कासवांच्या टोळीच्या काळ्या जादूने त्या राज्यातली माणसं दगडविटा होऊन गेली. यावरून चाहत्यांनी काढलं, की मारिओ डोक्याने फोडतो त्या विटा म्हणजे ती माणसंच. अहल्येची शिळा ऐकत वाढलेल्याला हे लगेच पटतं, पण यातला पहिला भाग छापील आणि दुसरा तर्काचा. अशा जोडणीला मी 'अटकळ' म्हणेन. 'चाहत्यांचा सिद्धांत' असंही कुठे कुठे लिहिलेलं दिसतं. ते टाळावं, कारण सिद्धांत म्हणजे सिद्ध झालेलं, आणि इथे तर एकाही विटेतून माणूस बाहेर आलेला नाही.