‘हांगमाट’ची कुळी शोधताना

डच जोडशब्दांच्या व्युत्पत्तीचा अभ्यास आपण नुकताच हाती घेतला आहे, म्हणून आग्रहाने सांगतो की शब्दाची फोड करण्याआधी त्याची जुनी रूपे पाहावीत. ‘हांगमाट’ म्हणजे दोन टोकांना बांधलेला, झोळीसारखा झुलता बिछाना. ‘हांगन’ म्हणजे टांगणे आणि ‘माट’ म्हणजे चटई; ‘टांगलेली चटई’ हा अर्थ इतका चपखल बसतो की पुढे शोधावेसेच वाटत नाही. प्रत्यक्षात हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतून ‘हामाका’ या रूपाने स्पॅनिशमध्ये आला आणि तेथून डचमध्ये पोहोचल्यावर बोलणाऱ्यांनी त्या अनोळखी ध्वनींना ओळखीचा अर्थ चिकटवला. (आपल्या ‘बटाट्या’चे मूळही पोर्तुगीजमार्गे ताइनोपर्यंतच जाते.) १७व्या शतकातील ‘हांगमाक’ हे मधले रूप मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात पहिला भाग डच झालेला दिसतो, पण अखेरचा ‘क’ अजून मूळ शब्दाची साक्ष देत असतो. जर्मनमधील ‘हेंगेमाटे’ डचवरूनच घडला असल्याने त्याला स्वतंत्र पुरावा मानू नये. ‘एटिमोलोगीबँक’ या मुक्त डच संकेतस्थळावर अनेक व्युत्पत्तिकोशांतील नोंदी एकत्र मिळतात. तेथे अर्थाच्या आधी सर्वांत जुन्या नोंदीचे वर्ष आणि वर्णलेखन वाचावे.