डायव्हमास्टर कुठून करावं? गोवा, मालवण, अंदमान की थायलंड?

तुम्ही लिहिलंय की स्कूबा डायव्हिंगमध्ये रेस्क्यू डायव्हर (अडचणीतल्या डायव्हरला वाचवायचा कोर्स) झालंय, ३५ डाइव्ह झाल्यात, आता डायव्हमास्टर, म्हणजे डायव्हरना पाण्याखाली नेणाऱ्या गाइडचा कोर्स, करून याच लाइनमध्ये नोकरी करायचीय, तर कोर्स नक्की कुठे करू. मी मालवणचा, डायव्हमास्टर अंदमानातल्या हॅवलॉकला केलं, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलंय ते सांगतो.

पाणी किती निळं आणि पॅकेज किती स्वस्त यावरून ठरवू नका. त्या सेंटरला रोज गेस्ट कोण येतात ते आधी बघा. आमच्याकडे मालवणला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला येणारे बहुतेक जण पहिल्यांदाच पाण्याखाली जातात, कितीतरी जणांना पोहताही येत नाही, १५-२० मिनिटं खाली न्यायचं, मागून सिलिंडर धरून फिरवायचं, व्हिडिओ काढायचा आणि वर आणायचं. हे काम हलकं अजिबात नाही, घाबरलेल्या माणसाला आमची पोरं बोटीवर पाच मिनिटांत ज्या मायेने शांत करतात ते बघून शिकावं. पण डायव्हमास्टरचं काम वेगळं आहे. चार सर्टिफाइड डायव्हर मागे घेऊन करंटमध्ये वाट काढायची, प्रत्येकाची हवा किती उरलीय ते डोक्यात ठेवायचं आणि सगळ्यांना सेफ्टी स्टॉप (वर येताना सुमारे ५ मीटरवर थोडं थांबणं) करून बोटीजवळ वर आणायचं. हे शिकायचं तर तसे डायव्हर रोज तुमच्या बोटीवर पाहिजेत, आणि ते भारतात सगळ्यात जास्त मला अंदमानात दिसले.

एक प्रसंग सांगतो. माझा तिसरा आठवडा, हॅवलॉकची द वॉल नावाची साइट, १६ मीटरवर होतो. नुकतंच ओपन वॉटर, म्हणजे पहिला कोर्स, झालेल्या एका गेस्टने लायनफिश बघितला आणि मला अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला', मस्त नव्हे. गेज बघितला तर ११० बार, म्हणजे हवा पुरेशी, श्वास शांत, डोळे शांत. मी ओकेची खूण करून विचारलं, त्याने परत अंगठाच दाखवला. माझा इन्स्ट्रक्टर मागे दोन हातांवर होता, मुद्दाम मध्ये पडला नाही. मी हळूच वर बोट करून विचारलं, तेव्हा त्याने मान हलवून नको म्हटलं आणि बोटांचा गोल करून ओके दिलं. बोटीवर आल्यावर इन्स्ट्रक्टरने एकच विचारलं, ब्रीफिंगमध्ये खुणा त्यांच्याकडून करून घेतल्यास का? नव्हत्या घेतल्या. तेव्हापासून प्रत्येक गेस्टकडून बोटीवरच करून घेतो. असा मागे राहून बघणारा माणूस मिळाला तर कोर्सचे पैसे वसूल.

कारण याच्या उलटही मी भोगलंय. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी ॲडव्हान्स भरला होता, १८ दिवस सिलिंडर उचलले, कंप्रेसरवर बसलो, बीसीडी (हवा भरायची डायव्हिंग जॅकेटं) धुतल्या आणि पाण्यात गेलो फक्त सहा वेळा, स्किल्सच्या रकान्यांवर एका दुपारीच टिका झाल्या, शेवटी ॲडव्हान्स सोडून निघालो. सिलिंडर उचलणं हा कामाचा भाग आहेच, त्याची लाज नाही, पण त्याच्या जोडीला शिकवलं पाहिजे. त्यामुळे 'फ्री इंटर्नशिप' दिसली की आधी विचारा, आठवड्यात बोट किती दिवस जाते, एका इन्स्ट्रक्टरकडे ट्रेनी किती, मी रोज पाण्यात असणार का. बोटीवर ऑक्सिजन आहे का आणि जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (डायव्हिंगमुळे होणाऱ्या प्रेशरच्या त्रासावर उपचार करायची खोली) कुठे तेही विचारा, उत्तर द्यायला अडखळले तर तिथे थांबू नका.

थायलंडचं को ताओ वाईट नाही. छोटं बेट, डाइव्ह सेंटर खच्चून, जगभरातले लोक, इंग्लिशमध्ये ब्रीफिंग द्यायची भीती जाते. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोकणात सगळं बंद असतं तेव्हा तिकडे जुलै-ऑगस्ट चांगला जातो, सुट्टी तेव्हाच मिळत असेल तर तिकडेच जा. नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र तिकडे समुद्र खवळतो. शिवाय काही सेंटरमध्ये ट्रेनींची मोठी बॅच असते, आणि कोर्सनंतर तिथे वर्क परमिटशिवाय पैसे घेऊन काम करणं बेकायदेशीर आहे हे लक्षात ठेवा.

पाडी की एसएसआय (सर्टिफिकेट देणाऱ्या दोन संस्था) यावर डोकं घालवू नका, दोन्ही चालतात. पाडीला कोर्स सुरू करायला ४० डाइव्ह लागतात आणि सर्टिफिकेटला ६०, म्हणजे तुम्हाला आधी ५ हव्यातच. त्या पाच जिथे कोर्स करायचा विचार आहे तिथेच साधे गेस्ट म्हणून करा. भारतात नोकरी करायची असेल तर माझं मत हॅवलॉक, जानेवारीनंतर, किमान दोन महिने हातात ठेवून. त्या पाच डाइव्हमध्ये त्यांचे ट्रेनी पाण्यात दिसतात की कंप्रेसरपाशी ते बघा, त्यातल्या एकाला संध्याकाळी चहाला घेऊन बसा आणि मगच पैसे भरा.