गणितात नापास, गेममध्ये पास

दिग्रस-आर्णीकडचे पालक माझ्याकडे येतात तेव्हा निम्म्या वेळा विषय मोबाईलचाच असतो. कापसाची वेचणी आटोपल्यावर आलेल्या एका शेतकऱ्याचंही तेच होतं. “मॅडम, पोट्टं दिवसभर गेम खेळते जी. गणितात नापास झालं. मोबाईल फोडूनच टाकू काय?” सातवीतला मुलगा बाजूला मान खाली घालून बसलेला.

मी आधी विचारलं, गेम कोणता? वडिलांना एवढंच माहीत होतं, “ते ठोकळ्यायचं.” म्हणजे माइनक्राफ्ट. हा प्रश्न मी कधीच सोडत नाही. पैसे लावून खेळायचे गेम 2025 मध्ये संसदेनं कायदा करून बंद केले; तसलं काही घरात शिरलं असेल तर आधी तेच निस्तरावं लागतं. इथे तसं नव्हतं. या गेममध्ये खणायचं, सामान जमवायचं आणि त्यातून पुढच्या वस्तू बनवायच्या असतात.

मुलाला म्हटलं, “तुझ्या पेटीत सामान किती मावतं रे?” मान वर आली. “सत्तावीस खाने. एका खान्यात चौसष्ट.” मग एकूण? “सतराशे अठ्ठावीस.” कसं काढलंस? “पंचवीस खान्यायचे सोळाशे, उरलेल्या दोनचे एकशे अठ्ठावीस.”

मग कागदावर 27 × 64 उभं मांडून दिलं. त्यानं 27 चोक 108 लिहिले, त्याखाली 27 सक 162, एक घर न सोडता, आणि बेरीज केली 270. मी विचारलं, “पेटीत दोनशे सत्तरच मावतात?” तो हसला, खोडलं, 162 च्या पुढे शून्य दिलं. 1728.

असंच ऋण संख्यांचं. गेममध्ये जमिनीखाली उणे 59 या पातळीच्या आसपास हिरे जास्त सापडतात आणि ती पातळी उणे 11 च्या बरीच खाली असते, हे त्याला पक्कं ठाऊक. पुस्तकात मात्र ‘उणे 59 आणि उणे 11, यातली लहान संख्या कोणती’ म्हटलं की उणे 11 ला गोल.

वडील बघत होते. त्यांना विचारलं, मजुरीण बाईनं 43 किलो कापूस वेचला, किलोला 12 रुपये, तर चुकारा किती? “पाचशे सोळा. चाळीसचे चारशे ऐंशी, वरच्या तिनाचे छत्तीस.” बापलेकाची रीत एकच! दोघांचाही हिशेब वहीबाहेरचा. माझं म्हणणं इथेच आहे: गेममध्ये आलेलं गणित आपसूक वहीत उतरत नाही, कोणीतरी दोन्ही शेजारी ठेवून दाखवावं लागतं. गेम खेळून मुलं हुशार होतात असं कोणी सरसकट सांगितलं तर मी तरी मान डोलावणार नाही.

मोबाईल फोडायचा नाही असं ठरलं. संध्याकाळी पंधरा मिनिटं मुलानं वडिलांना सांगायचं: आज काय बनवलं, सामान किती लागलं, हिशेब कसा केला. आणि तोच हिशेब वहीत मांडायचा. वडील म्हणाले, “मले त्यातलं काही समजत नाही.” म्हटलं, तेच बरं. ऐकणाऱ्याला ठाऊक नसलं की सांगणाऱ्याला एकेक पायरी उलगडावी लागते.

रात्री नऊनंतर मोबाईल आईकडे. यात मी सूट देत नाही. झोप मोडली की वर्गात डोक्यात गणितही शिरत नाही आणि मराठीही.

“पण हे व्यसन तं नाही ना?” आईनं नंतर फोन करून विचारलं. जागतिक आरोग्य संघटना गेमिंगचा विकार कधी म्हणते, तर खेळणं आवरता येत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसूनही थांबत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं तेव्हा. हा मुलगा गोठ्यात बैलांना चारा टाकतो, संध्याकाळी कबड्डी खेळतो. तुमच्या मुलाचं चित्र वेगळं असेल तर 14416 या टेली-मानसच्या (सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा) मोफत क्रमांकावर बोला, तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढच्या घटक चाचणीत त्याचे गुणाकार बरोबर आले. शाब्दिक उदाहरणं मात्र अजून अडतात, कारण लांब वाक्य वाचतानाच तो थकतो. ती अडचण वाचनाची आहे, आणि सध्या आम्ही वाचनावरच मेहनत घेतो आहोत.